आल्म

मी कुडतरीचा च्यारी.
नांगर, पाळणे, इगर्जीची बाकं,
एकदा सायबिणीचा मोडलेला अंगठा.
सूर मला कळत नाही. लाकूड कळतं.

एव्हारिस्त फुर्तादचं व्हायोलिन
दर जुलैत कडेला उकलायचं.
तो ते घेऊन यायचा आजारी कोंबडी आणावी तसं,
काखेत, टॉवेलात गुंडाळून.
"सरस पातळच लाव हां," म्हणायचा,
"उकलायचं तर जोडावर उकलू दे.
लाकूड फाटता कामा नये."

एका वर्षी छातीची फळी पुरती काढावी लागली.
आत मेणाचा थेंब, काळा पडलेला:
वय बारा, काकाचं व्हायोलिन, हात पुरत नव्हता,
वाड्यावरच्या खुरसापुढं लादीन,
आणि मेणबत्ती धरणाऱ्या पोराला आलेली झोप.
पहिली बिदागी, उकडलेले चणे.
"त्यात खोबरं होतं," हे त्यानं मला तीनदा सांगितलं.

पोटाशी एक चीर. पोर्तो, जानेवारी,
भाड्याच्या खोलीतल्या शेगडीनं सुकवलेली.
तिच्यावर कुणा तिकडच्या कारागिरानं
चार ठिगळं बसवलेली, नखाएवढी,
इतकी नेटकी की मला रात्री झोप लागली नाही.

आणि हनुवटीजवळ
घामानं खाल्लेलं वार्निश.
ती एकतीस वर्षं. चौघांतला दुसरा.

"दुसरा म्हणजे?"
"दुआर्ते पहिला, तो गायचा.
चेलोवाली ग्रासा जमीन धरायची.
व्हियोलावाला कायम विचारात."
"आणि तू?"
त्यानं पाटावरचा भुसा चिमटीत घेतला,
बराच वेळ चोळला.
"मी मधे."

त्यांचा फोटो मी पाहिलाय.
दुआर्तेच्या खांद्याआड अर्धा कान
आणि चष्म्याची एक काच, तो एव्हारिस्त.

मग त्यानं मला ती काडी दाखवली.
आत, घोडीच्या पायाखाली,
करंगळीहून बारीक, उभी.
खिळा नाही, सरस नाही.
वरून तारा दाबतात, खालून पाठ नकार देते,
त्या भांडणात ती उभी राहते.
"हिला आमच्याकडे आल्म म्हणतात," तो म्हणाला. "आत्मा."
मी छत्रीची काडी वाकवून हत्यार केलं,
फटीतून आत घालून तिला सरकवत बसलो.
तांदळाच्या दाण्याइतकं डावीकडे.
"आता बोलतंय, पण नाकातून."
अर्धा दाणा मागे.
संध्याकाळ झाली. माझी बायको दोनदा येऊन गेली.

दुआर्ते गेल्याचं पत्र आलं
त्या दिवशी मी त्याच्याकडे खिडकीची बिजागरी बसवत होतो.
तो बल्कांवावर आला, स्टँड मांडला,
तीन रिकाम्या खुर्च्या ओढल्या.
थोडं वाजवलं. थांबला.
पुन्हा तीनच सूर. थांबला.
मला वाटलं, विसरतोय बिचारा.
मग त्याच्या सपातेकडे लक्ष गेलं.
अंगठा हलत होता,
एक, दोन, तीन, चार,
दुसऱ्या कुणाची तरी पाळी पूर्ण होऊ देत.
मी स्क्रू पिळायचा थांबलो.
बिजागरी हातात, शेवटपर्यंत.

परवा त्याचा भाचा आला मडगावहून.
तारा सैल सोडलेल्या, म्हणून काडी पडलेली.
पेटी हलवली की आत ती
सुक्या सुपारीसारखी खडखडते.
"विकायचंय," म्हणाला.
"ती एकदाची चिकटवून टाका ना, घट्ट.
पुन्हा पडायला नको."

मी काही बोललो नाही.
छत्रीची काडी शोधली, दिव्याची वात मोठी केली.
म्हटलं, बस. वेळ लागेल.
आणि ते स्टूल नको, ते हलतं.